कूलरच्या टाकीत सापडलेला डबा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मनीषनगरला घर, मुलगा अकरावीत, सोळा पूर्ण. होळी जवळ आली म्हणून तुम्ही गॅलरीतला कूलर धुवायला काढलात, तर कोरड्या टाकीत पंपाच्या मागे एक डबा निघाला. आत झिपच्या छोट्या पिशवीत वाळका पाला, लायटर, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची गुंडाळलेली पन्नी. डबा तुम्ही होता तसा परत ठेवलात. यजमानांना अजून सांगितलेलं नाही, कारण "ते एकतर पोट्ट्याला मारतील, नाहीतर मलाच बोलतील". प्रश्न तीन विचारलेत: हा किती पुढे गेलाय, याच्याशी बोलू कसं, आणि आठवीतली धाकटी यात येऊ नये म्हणून काय करू.

मी नागपुरात बावीस वर्षं मानसोपचाराचं काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत याच वयाची मुलं पुष्कळ. डबा परत ठेवला हे चुकलं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. माझ्या मते ते बरं झालं. तो क्लासहून थकून आलेला, तुमचे हात थरथरताहेत, धाकटी दारात उभी, अशा वेळी डबा समोर आपटला असता तर तुम्हाला कबुली मिळाली असती, कदाचित रडणंही. पण पुढचे सहा महिने तो तुमच्याशी एक शब्द बोलला नसता आणि डबा कूलरमधून शेजारच्या मित्राच्या गाडीच्या डिक्कीत गेला असता. पहिल्यांदा बोलायचं ते दुसऱ्यांदा बोलता यावं एवढ्यासाठी. बाकी जे काही सांगणार आहे ते याच एका गोष्टीच्या आजूबाजूला आहे.

डबा काय सांगतो ते आधी बघू. वाळका पाला म्हणजे बहुधा गांजा. थेंबांची बाटली सांगते की डोळे लाल होतात हे त्याला माहीत आहे आणि घरी कोणाच्या तरी लक्षात येईल याची भीती आहे. ही भीती मला आवडते. ज्या मुलाला घरच्यांनी बघितलं तरी फरक पडेनासा होतो, त्याची काळजी मी जास्त करते. पण किती पुढे गेलाय, हे डब्यातल्या वस्तू मोजून कळत नाही. ते तीन गोष्टींवरून कळतं: तो एकट्यानं घेतो का, सकाळी उठल्यावर किंवा क्लासच्या आधी घेतो का, आणि त्यासाठी त्यानं काय सोडलं. पूर्वी रविवारी सकाळी क्रिकेटला जायचा तो आता अकरापर्यंत झोपतो, तबल्याचा क्लास बंद, जुना वर्गमित्र घरी येणं बंद, असं एकापाठोपाठ सुटत गेलं असेल तर प्रकरण चाखून बघण्याच्या पुढे गेलंय. मित्रांसोबत दोन-चार वेळा आणि रोज रात्री गच्चीवर एकटा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि उपायही वेगळे.

आता त्या पन्नीबद्दल. तुमच्या पत्रात पाल्यावर बारा ओळी आहेत आणि खर्र्यावर अर्धी. नागपुरातल्या बहुतेक आयांचं असंच होतं. माझ्या खोलीत बसून वडील शपथेवर सांगतात, "मॅडम, तो काही नशापाणी नाही करत, फक्त खर्रा खाते." हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या गालात खर्रा असतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेली ही वस्तू आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पानठेल्यावर मिळते, म्हणून ती आपल्या डोळ्याला नशा वाटतच नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण घोटणारे हात थांबलेले नाहीत. निकोटीन मेंदूला काय शिकवतं, तर अस्वस्थ वाटलं की तोंडात काहीतरी टाक, पाच मिनिटांत बरं वाटेल. चौदाव्या वर्षी हा धडा पक्का झाला की पुढे फक्त वस्तू बदलायची राहते. गांजा ओढणारी जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात खर्र्यानं किंवा सिगारेटनं झालेली असते. प्रत्येक खर्रा खाणारा पुढे जातोच असं नाही. पण पुढे गेलेल्यांना मी विचारते तेव्हा पहिली पन्नी कोणी हातावर ठेवली हे त्यांना नावानिशी आठवतं.

खर्र्याची एक खूण घरातच तपासता येते. जो मुलगा सावजीचा रस्सा भुरके मारून प्यायचा, तो अचानक "तिखट लागते" म्हणायला लागला, वरण-भातावर आला, तर त्याचं तोंड बघा. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, ताठर होत जाते, आधी जळजळ होते आणि मग तोंड कमी उघडू लागतं. स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी, एकावर एक, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये सहज जायला हवीत. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात. आखडलेलं तोंड पुन्हा पूर्ववत होणं कठीण असतं, खर्रा थांबवला तर पुढचं वाचवता येतं. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच सुपारीला कर्करोगकारक ठरवलंय. सतरा वर्षांचा मुलगा आणि दीड बोट उघडणारं तोंड, हे मी पाहिलेलं आहे. त्याला केळं खाता येत नव्हतं.

बाकीच्या खुणा सांगते, पण एका अटीवर. घरी पोलिसासारखी तपासणी सुरू करू नका. दोन आठवडे नुसतं बघा आणि एका वहीत तारखेसह लिहा: झोपला कधी, उठला कधी, जेवला का, पैसे किती मागितले, कोणाचा फोन आला की गॅलरीत जातो. एकेक गोष्ट फसवी असते. लाल डोळे रात्रभर मोबाइल बघूनही होतात. बदल एका दिशेनं होतोय का, ते वही सांगते.

गांजात डोळे लाल, तोंड कोरडं, बोलणं संथ, विनाकारण हसू आणि रात्री बाराला फ्रीज रिकामा करण्याइतकी भूक. खोलीत एकाएकी अगरबत्तीची आवड निर्माण होणं हेही त्यातलंच. बातम्यांत सारखी येते ती एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पोरांच्या भाषेत नुसती 'पावडर'. २०१५ मध्ये ती अमली पदार्थांच्या कायद्यात आली. तिचं चित्र गांज्याच्या नेमकं उलट: मुलगा दोन-दोन रात्री जागा, भूक मेलेली, बडबड वाढलेली, जबडा आवळलेला, बाहुल्या मोठ्या, आणि मग एक दिवस-रात्र मेल्यासारखी झोप नि चिडचिड. वजन महिन्याभरात उतरतं. गोळ्या आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधात मुलगा पेंगतो, आणि अफूच्या जातीतलं काही असेल तर बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. जिममध्ये 'ताकदीचं इंजेक्शन' म्हणून मेफेन्टरमिन टोचून घेणारी पोरंही आता येतात. ते शस्त्रक्रियेच्या वेळी पडलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे, ताकदीशी त्याचा संबंध नाही. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, घरातही पूर्ण बाह्यांचा शर्ट न काढणारा मुलगा दिसला तर हात बघायला मागा. ई-सिगारेट देशात २०१९ पासून बंद आहे तरी पेनड्राइव्हसारखी दिसणारी ती वस्तू दप्तरात सापडते आणि वास गोड फळांचा येतो, म्हणून आईला ती अत्तराची बाटली वाटते.

वेगळी सांगायलाच हवी अशी एक नशा आहे, कारण ती सर्वांत लहान मुलं करतात आणि कोणी तिला नशा मानत नाही: व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन, थिनर रुमालावर घेऊन हुंगणं. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये हुंगण्याचं प्रमाण १.१७ टक्के निघालं, मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त अशी ही एकच नशा त्या पाहणीत दिसली. रुमालाला रंगाच्या दुकानासारखा वास, तोंडाभोवती पुरळ, वहीत काही खोडलेलं नाही आणि व्हाइटनरच्या बाटल्या मात्र संपताहेत, अशा याच्या खुणा. आणि हे नीट लक्षात ठेवा: मुलगा हुंगताना सापडला तर ओरडू नका, त्याच्या मागे धावू नका. या द्रवांमुळे हृदय इतकं हळवं झालेलं असतं की दचकून, पळून ते एकदम बंद पडू शकतं, पहिल्याच वेळी सुद्धा. खिडकी उघडा, शांत बसवा, रुमाल हातातून घ्या. रागवायचं ते दुसऱ्या दिवशी.

तुम्ही विचारलंय, औषधांच्या दुकानातून लघवी तपासायची पट्टी आणू का, रात्री गुपचूप नमुना घेऊ का. आणू नका. गांजा रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो तीन-चार आठवडेही दिसतो, एखाद्या वेळी ओढणाऱ्याच्या दोन-तीन दिवसांत निघून जातो, त्यामुळे रेघ आली तरी ती कालची की गेल्या महिन्यातली हे सांगता येत नाही. मेफेड्रोन साध्या पट्टीत बरेचदा सापडतच नाही. उलट खसखस घातलेलं भरपूर खाल्लं तर मॉर्फिनची खोटी खूण येऊ शकते, आणि आपल्याकडे रस्शाच्या वाटणात खसखस किती जाते ते तुम्हाला मी काय सांगू. उपचार सुरू झाल्यावर, मुलाला सांगून, त्याच्या संमतीनं केलेली तपासणी उपयोगी पडते. चोरून केलेल्या तपासणीचा निकाल काहीही येवो, तुम्ही चोरून केली एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

आता यजमान. त्यांना सांगावं लागेल, आणि मुलाशी बोलायच्या आधी. आई-बाबांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या की मुलाला मधून निसटायला वाट मिळते, आणि आईनं बापापासून लपवलं हे मुलाला कळलं की तुम्ही त्याच्या कटातल्या भागीदार होता. तुमचे यजमान स्वतः दिवसाला सात-आठ खर्रे खातात असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांना एवढंच विचारा: "तुम्ही बोलायला लागलात आणि त्यानं तुमच्या खिशाकडे बोट दाखवलं तर काय उत्तर द्याल?" याला बरं उत्तर एकच मी आजवर ऐकलंय. नंदनवनचे एक गृहस्थ मुलाला म्हणाले, "मले सोडता नाही येऊन राह्यलं. अठरा वर्षं झाली. म्हणूनच तुले सांगतो." आणि दोघं मिळून माझ्याकडे आले. मुलाचा सुटला. वडिलांचा तिसऱ्या खेपेला सुटला. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, फुकट. यजमानांनी आधी फोन करायला हरकत नाही.

बोलायचं कसं. रात्री नाही, जेवताना नाही, तो नशेत असताना तर नाहीच. या वयाच्या मुलांना समोरासमोर बसवून डोळ्यांत बघत विचारलं की ती दगड होतात. बाजूबाजूनं चालताना किंवा काही काम करताना ती बोलतात. अंबाझरीला सकाळी फेरी मारा, किंवा तोच कूलर पुन्हा धुवायला घ्या, त्याला पाइप धरायला लावा. सुरुवात प्रश्नानं करू नका. "तू गांजा ओढतोस का?" याचं उत्तर 'नाही' असतं, आणि एकदा खोटं बोलला की ते खोटं जपायला त्याला पुढची दहा बोलावी लागतात. जे माहीत आहे ते सरळ सांगा: "मला टाकीतला डबा दिसला. मी चार दिवस कोणालाच बोलले नाही, कारण मला राग आला होता आणि भीतीही वाटली होती. आता राग उतरलाय, भीती आहे. मला समजून घ्यायचंय." मग गप्प बसा. ही सगळ्यात अवघड पायरी. बहुतेक आयांना वीस सेकंदही गप्प राहवत नाही.

तो म्हणेल, "माझा नाही, मित्राचा आहे." म्हणू द्या. "बरं. मग मित्राबद्दल सांग. त्याला काय मिळतं त्यातून?" मित्राच्या नावानं मुलं स्वतःचं सगळं सांगतात. झोप येत नाही, क्लासमध्ये मागे पडलो, ती मुलगी बोलत नाही, सगळे करतात म्हणून. त्यातलं जे निघेल ते मूळ दुखणं. अकरावीला विज्ञान घेतलेल्या, सकाळी सहाला घराबाहेर पडून रात्री नऊला परतणाऱ्या मुलाला दिवसातली एकच निवांत वेळ मित्रांसोबत ठेल्यामागे मिळत असेल, तर तो ठेला बंद करून उपयोग नाही. निवांतपणा दुसरीकडे कुठे मिळेल ते बघावं लागेल. आणि कधी कधी नशेच्या खाली नैराश्य असतं. मरणाचं काही बोलला, हाताला कापल्याच्या खुणा दिसल्या, एकटाच बोलताना-हसताना दिसला, कोणीतरी मागावर आहे म्हणाला, तर वही-बिही सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. गांज्यानं काही मुलांत भास आणि संशय सुरू होतात, आणि घरात काका-मामा कोणाला तसा आजार असेल तर धोका जास्त. डॉक्टरांना हे आपणहून सांगा, लाजून लपवू नका.

एक मुलगा मला म्हणाला होता, "मॅडम, बाबा पहिले दहा मिनिट ओरडले ना, मग मी फक्त हो-हो करून राह्यलो. मले काही ऐकूच नाही आलं." ओरडणं थांबवता येणार नसेल तर निदान दहा मिनिटांवर नेऊ नका.

बोलण्याच्या शेवटी नियम सांगा, कारण प्रेमानं बोलणं म्हणजे मोकळीक नव्हे. घरात ही वस्तू येणार नाही. पैसे आठवड्याचे आणि हिशेबानं. मोबाइलवरून भरलेले पैसे आपण दोघं रविवारी बघू. ठेल्यावरचे वीस-तीस-चाळीस रुपये तिथे नावासकट दिसतात. नशा केलेल्या कोणाच्याही गाडीवर बसायचं नाही, स्वतः चालवायची तर नाहीच. आणि कुठेही, कितीही वाजता अडकलास तर फोन कर, आम्ही घ्यायला येऊ, त्या रात्री एक प्रश्न विचारणार नाही, सकाळी बोलू. हे शेवटचं वचन पाळणं आई-बापांनाच जड जातं. रात्री दीडला वर्धा रोडवरून मुलाला आणताना मागच्या सीटवर दारूचा वास येत असताना गप्प बसणं सोपं नाही. पण ज्या घरात ते पाळलं जातं तिथली मुलं दुसऱ्यांदाही फोन करतात.

शपथा घेऊ नका. टेकडीच्या गणपतीसमोर उभं करून, आईच्या डोक्यावर हात ठेवून "आता कधीच नाही" म्हणवून घेणं मी शेकडो घरांत पाहिलंय. मुलगा त्या क्षणी खरंच मनापासून म्हणतो. तीन आठवड्यांनी एकदा चुकतो. आता त्याच्या मते त्यानं आईचं वाईट केलंय, हे कोणाला सांगायची सोय नाही, आणि ती घुसमट शमवायला हाताशी एकच उपाय आहे. शपथेनं नशा सुटण्यापेक्षा लपवणं पक्कं झालेलं मी जास्त वेळा पाहिलंय. घसरणं हे बरं होण्याच्या वाटेवर येतंच. घसरल्यावर किती तासांत त्यानं सांगितलं, हे मी मोजते.

'रुग्णाला न सांगता जेवणात मिसळा' अशा पुड्यांच्या जाहिराती दिसतात. त्यांतल्या काहींमध्ये डायसल्फिराम असतं. त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल, धडधड, रक्तदाब कोसळणं, आणि यात जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात तेव्हा घेणाऱ्याला सगळं सांगून देतात. कोणालाही, कधीही चोरून देऊ नका.

दुसरा मोह म्हणजे केंद्रात टाकणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मिरवणुकीतल्या मारबतीच्या पुतळ्याला म्हणतो ना, इडा-पिडा घेऊन जा, तशी काही घरं मुलालाच घेऊन जा म्हणतात. काही जण रात्री गाडी पाठवतात, चौघं येतात, मुलाला उचलतात, आणि घरच्यांना सांगतात की तीन महिने भेटायचं नाही. असं सांगणाऱ्या कोणाच्याही दारात उभे राहू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे आणि त्यात व्यसनाचे आजारही येतात. अठराखालच्या मुलाला भरती करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासावं लागतं, त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं, आणि पालक किंवा पालकांनी नेमलेलं माणूस पूर्ण मुक्काम त्याच्यासोबत राहावं लागतं. तुम्हाला सोबत राहू देत नाहीत, एवढं एकच कारण परत फिरायला पुरे. बहुतेक सोळा वर्षांच्या मुलांना भरती लागतच नाही. आठवड्याला एक भेट, घरच्यांच्या वेगळ्या बैठका, झोपेचं-जेवणाचं वेळापत्रक आणि गरज पडली तर औषध, एवढ्यानं काम होतं. नागपूरच्या मेडिकल, मेयो आणि एम्स या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात दाखवता येतं, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६, मराठीत, चोवीस तास. नशेसाठीची वेगळी राष्ट्रीय फोनसेवा १४४४६. पहिल्या भेटीत मी मुलाला एकट्याला बसवते आणि तो जे बोलतो ते त्याच्या जिवाला धोका नसेल तर बाहेर सांगत नाही. आयांना याचा राग येतो. तुम्हालाही येईल.

पोलिसांची भीती तुम्ही लिहिली आहे. उपचाराला गेलात म्हणून डॉक्टर पोलिसांत कळवत नाहीत. अठराखालचं मूल कायद्याच्या कचाट्यात आलंच तर ते आधी बाल न्याय मंडळापुढे जातं, थेट मोठ्यांच्या कोर्टात नाही. उलट मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यासाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. अठराखालच्याला तंबाखू विकणं आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विकणं, दोन्ही २००३ च्या कायद्यानं गुन्हा. महाराष्ट्रात दारूसाठी वय २५ आणि सौम्य बिअरसाठी २१ आहे हे तर लग्नाच्या वरातीत कोणाच्याच लक्षात नसतं.

वरातीवरून आठवलं. "घरीच थोडी चाखवली तर बाहेर पिणार नाही," असं सुशिक्षित घरांत हल्ली फार ऐकते. हे खरं नाही. वर्षानुवर्षं मुलांचा पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत पालकांनी दिलेली दारू मुलांना वाचवताना दिसलेली नाही. अशी मुलं पुढे जास्तच पितात. सुरुवात जितकी उशिरा तितकी सवय लागण्याची शक्यता कमी, कारण थांबायला सांगणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. पंधराव्या वर्षाची सुरुवात एकविसाव्यावर ढकलली तरी पुष्कळ साधलं.

धाकटीचं. मुली करत नाहीत, या समजुतीमुळे मुली आमच्याकडे दोन वर्षं उशिरा येतात. तिच्याशी दादाच्या नावानं बोलू नका, "बघ तुझ्या दादानं काय केलं" हे वाक्य घरात नको. तिला दादाचं बहुधा तुमच्या आधीपासून माहीत आहे. तेरा वर्षांच्या मुलीला कर्करोगाचे फोटो दाखवण्यापेक्षा नाही म्हणायची सोपी वाक्यं तोंडपाठ हवीत. "माझी आई वास घेते" हे माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचं आवडतं वाक्य आहे, त्यात आई बदनाम होते आणि मुलगी सुटते. व्हा बदनाम. आठवड्यातून चार-पाच रात्री टीव्ही नि फोन बाजूला ठेवून एकत्र जेवण, तिच्या तीन मैत्रिणींची घरं आणि त्यांच्या आयांचे नंबर माहीत असणं, आणि तिनं काही विचारलं तर "तुला कोणी सांगितलं हे?" असा उलट प्रश्न न करणं, एवढं जमलं तर पुष्कळ. आणि 'वाईट संगत' हा शब्द जपून वापरा. तुमच्या मुलाच्या मित्राची आई गेल्या महिन्यात माझ्यासमोर बसली असती, तर तिनं वाईट संगत म्हणून कोणाचं नाव घेतलं असतं?

धुळवड पुढच्या आठवड्यात आहे म्हणून एवढं अजून. भांग त्या दिवशी प्रसादासारखी फिरते आणि ती चढायला तास-दीड तास लागतो, म्हणून पोरं "काहीच होत नाही" म्हणत दुसरा, तिसरा पेला घेतात. कोणी बेशुद्ध पडलं, हलवूनही उठत नाही, श्वास थांबून थांबून येतोय, ओठ निळसर, तर १०८ ला फोन. तोवर कुशीवर वळवून ठेवा, उताणं नाही, उलटी श्वासनलिकेत जाते. लिंबूपाणी, ताक, कॉफी काही पाजू नका, बोटं घालून उलटी काढू नका, थंड पाण्याखाली धरू नका, आणि झोपू दे सकाळी उतरेल म्हणून एकटं सोडू नका. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा.

राहिला डबा. बोलणं होईपर्यंत तिथेच असू द्या. तो गायब झाला तर त्याला कळेल की शोध सुरू झालाय. आणि बोलून झाल्यावर तुम्ही फेकू नका, त्याला तुमच्यादेखत फेकायला सांगा. पाला संडासात, पन्नी नि बाकीचं कचऱ्यात, थेंबांची बाटलीसुद्धा. कोणाकडून आणला ते त्याच दिवशी विचारू नका. दुसऱ्या-तिसऱ्या बोलण्यात ते आपोआप येतं.

यजमानांशी शनिवारी रात्री बोला, धाकटी झोपल्यावर. रविवारी त्याचा क्लास दुपारी तीनचा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे सकाळ मोकळी आहे, आणि कूलर अजून धुवायचा राहिलाच आहे.